चेहऱ्याचं डांबरीकरण

भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले आणि त्यात मी मामा नसून आजोबा दिसतो, असा घरात ठराव झाला. लग्नात गुरुजी मामाला पुकारणार, तेव्हा सगळे कॅमेरे माझ्यावर. म्हणून लेसर.

क्लिनिकमधल्या मुलीने ‘सर’ म्हणत बसवलं आणि पुढे तक्ता सरकवला: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. कार्बन डायऑक्साइड आणि अर्बियम या दोन लेसरांत फरक काय, विचारलं. म्हणाली, “अर्बियम गोल्डमध्ये येतं.”

घरी येऊन वाचत बसलो. दोघांचं गिऱ्हाईक एकच, कातडीतलं पाणी. कार्बन डायऑक्साइडचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा. तो पाणी उकळवून वरचा थर उडवतो आणि खाली धग सोडतो. त्या धगीने कोलाजेन आक्रसतं, मग नवं धरतं. अर्बियमचा २,९४० चा. पाणी त्याला जास्त हावरटपणे शोषतं, म्हणून तो सोलतो नेमका, भाजतो कमी. यातला कार्बन डायऑक्साइडचा लेसर १९६४ साली बेल लॅबमध्ये शोधला कुमार पटेल यांनी. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, जन्म बारामतीचा. (बारामतीचा चटका महाराष्ट्राला नवा नाही, हा निदान पावतीसकट बसतो.)

या प्रकाराला म्हणतात रिसरफेसिंग, म्हणजे रस्त्याचंच काम. अख्खा थर खरवडला तर चेहऱ्यावर आठवडा-दोन आठवडे ‘काम चालू’. त्यावर २००४ मध्ये ‘फ्रॅक्शनल’ तोडगा निघाला: बारीक बारीक खड्डे पाडायचे, मधली कातडी शाबूत ठेवायची, म्हणजे जखम लवकर भरते. खड्ड्यांच्या मधे थोडा रस्ता शिल्लक ठेवण्याची विद्या आमच्या महापालिकेला त्याआधीपासून अवगत होती. पेटंट तेवढं घ्यायचं राहिलं.

खरी मेख रंगात. कातडी उन्हात भाजते की रापते यावरून डॉक्टर फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये तिची प्रतवारी सुरू केली. आज इयत्ता सहा. आपण बहुतेक चौथी-पाचवीत. आपली कातडी भाजली की डाग धरते. सुरकुती जायची आणि तिच्या जागी काळा चट्टा बसायचा. म्हणून ऊर्जा कमी, बैठका जास्त, आणि आधी छोट्याशा जागी चाचणी.

दुसऱ्या दिवशी विचारलं, “माझी त्वचा कितव्या प्रकारची?”

“हप्त्यांची सोय आहे, काका.”

एका प्रश्नात सरांचा काका झाला.

घरी हे सांगितलं तर बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, “तीस वर्षं बोडक्याने स्कूटर हाकलीत. हेल्मेट घाला म्हटलं, तर विरोधाच्या मोर्चाला गेलात. तोही भर दुपारी!”