अण्णांची बॅटरी

भोसरी एमआयडीसीच्या टूलरूममध्ये उभी हयात काढलेला माणूस दुकानदाराच्या शब्दावर बॅटरी घेईल, हे होणे नाही. अण्णा पिंपरी कॅम्पात व्हर्नियर खिशात घालून जातात. १८६५० नंबरचा सेल म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. पण आत संरक्षक सर्किट असलं तर दोन-चार मिलिमीटर जास्त भरतो आणि झाकण बसत नाही. हे सगळं ते काउंटरवरच्या पोराला शिकवतात. पोरगं ‘एक लाख ल्युमेन’ छापलेला खोका पुढे सरकवतं.

“बाळा, गाडीचा साधा हॅलोजन हजार-दीड हजार ल्युमेन देतो. एवढ्याशा सेलवर लाख काढलेस, तर आधी माझा हात शिजेल.”

ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. झोत लांब जातो तो कॅंडेलावर. कॅंडेलाचं वर्गमूळ काढायचं, दोनाने गुणायचं, की मीटर आले. अण्णांच्या बॅटरीचे चाळीस हजार, म्हणजे चारशे मीटर. तिथे उजेड पडतो तो साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका.

“मग पौर्णिमेलाच बाहेर पडावं की. सेल तरी वाचतील,” काकू म्हणतात.

खरी पंचाईत अंधाराची. पिंपळे सौदागरात तो मिळतो कुठे? गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून महावितरणची दुरुस्ती निघते आणि लाइट जाते, पण भर दिवसा! अण्णा उमेदीने तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरतात, तर तिथे जनरेटर चालू. वॉचमनला चहा पाजून ते पाच मिनिटं दिवे बंद करायला लावतात. सेक्रेटरींनी याबद्दल नोटीस लावली आहे. ती अण्णांनी बॅटरी मारून वाचली.

मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला, वनखात्याने भूल देऊन धरला, आणि ‘कशाला हवीय एवढी बॅटरी?’ हा घरातला प्रश्न कायमचा निकालात निघाला. मेहुण्यांची शेती खेड तालुक्यातच. शेतीची लाइट रात्रीची, त्यामुळे दारं धरायला रात्रीच जावं लागतं, आणि शेजारी ऊस. अण्णा मुद्दाम मुक्कामाला गेले. बांधावर उभं राहून त्यांनी टर्बो दाबला. पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठली, कोणीतरी “कोन हाय रं?” म्हणून ओरडलं. मेहुणे खरंच थक्क झाले.

दोन मिनिटांत झोत निम्म्यावर आला.

“सेल उतरले का, दाजी?”

“छे! बॉडी तापली की ती आपणहून खाली येते. तशी सोयच असते.”

“मग वाघाला सांगाया पायजे, काय ते दोन मिन्टात उरक म्हणून.”

मेहुण्यांनी कपाळावरची आठवडे बाजारातली बॅटरी चालू केली, फावडं खांद्यावर टाकलं आणि निघाले. अण्णा त्यांच्या उजेडात पाय टाकत मागून.

“कॅंडेला किती रे हिचे?”

“कांद्याचा वाफा दिसतोय तेवढं.”