माळ्यावरची वही

चवथीच्या आठ दिवस आधी आमच्या नांदगावच्या घराचा माळा काढतात. काढते काकी. मी पुण्याहून येऊन नांदगाव रोडला उतरतो, घरी चहा होतो न होतो तोच वरून आरोळी येते, "ह्यां कोणाचां?"

जो ओ देईल त्याची वस्तू राहते, नाहीतर खळ्यात. पण नुसती ओ पुरत नाही. काकीचा हिशेब देव्हाऱ्यापासून सुरू होतो. गणपतीला माटवी लागते, माटवीला सुंभ लागतो, म्हणून सुंभ राहिला. मोडका पाळणा वहिनी म्हणते थोरल्याचा, थोरला म्हणतो वहिनीचा. एकमेकांना कितीही धरून बसा. देव्हाऱ्यापासून किंवा चुलीपासून तिथवर दोरी पोचत नसेल तर पाळणा गेला.

हीच अक्कल जॉन मॅकार्थीने १९५९च्या सुमारास लिस्प या संगणकाच्या भाषेत मेमरी साफ करायला घातली आणि तिला गार्बेज कलेक्शन म्हटलं. मी जावात काम करतो, तिथेही अशी एक काकी आहे. साफ कर म्हणून आर्जव करता येतं, पण ती "बघतंय" म्हणते आणि आपल्या सवडीने उठते.

मागे आमच्या प्रोग्रामची मेमरी फुगायला लागली. कोण जातंय, कोण चिकटून बसलंय हे बघायला मी मेमरीतली प्रत्येक वस्तू एका यादीत टाकली. दोन तासांत सर्व्हर आडवा. काकीने विचारलं, "कोणाचां?" आणि यादी प्रत्येक वेळी म्हणाली, "माझां!" गळती शोधायला गेलो आणि मीच गळती झालो.

यावर उपाय जावात १९९८ पासून आहे: वीक रेफरन्स. ओळख ठेवायची, हक्क सांगायचा नाही. वस्तू गेली की हाकेला 'नल' येतं, आणि रेफरन्स क्यूमध्ये चिठ्ठी पडते. बाराव्याचं कार्डच म्हणा. फक्त त्या कार्डावर गेलेल्याचं नाव नसतं. ते आपणच आधी लिहून ठेवायचं. नावाऐवजी माणूसच पाकिटात भरला तर तो कधी मरतच नाही. (हेही करून झालंय.)

यंदा तोच प्रयोग माळ्यावर केला. शंभर पानी वहीत नुसती नावं लिहिली: आजोबांचं इरलं, कणगी, फुटका कंदील. हात कशालाच लावला नाही. लावला की काकी विचारणार, "तुका होयां?" आणि कणगी पुण्याच्या दोन खोल्यांत येणार. वही शिडीजवळ ठेवून तिठ्यावर भजी खायला गेलो.

"काकी, माझी वही खंय?"

"ती तुझी होती? माका वाटलां कोणाचीच नाय. न्हाणयेत पाणी तापयलंय तिच्यार. जा, न्हावन ये."

वीक रेफरन्सलाही कोणीतरी घट्ट धरावं लागतं, नाहीतर चिठ्ठी पडतच नाही, असं जावाच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं.

पाणी छान कडक होतं. इरल्याचं काय झालं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर ते माझंच झालं असतं.