खोडण्याचे पैसे

मनोरच्या मस्तान नाक्यावर अहमदाबादकडचे ट्रक थांबतात. ढाबेवाले, टायरवाले, पंक्चरवाले, सगळ्यांचं बरं चाललेलं असतं. माझाही धंदा इथलाच, पण पाटी लावायची सोय नाही. ‘येथे पुस्तके संपादित करून मिळतील’ असं लिहिलं, तर चहाला उतरलेला क्लीनर ‘हवा भरता का?’ म्हणून विचारायचा. माझं काम हवा काढायचं.

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांना पालघर-बोईसर पट्ट्यात तोटा नाही. तारापूर एमआयडीसीतले, अणुकेंद्रातले लोक निवृत्त होतात, फंडाचे पैसे हातात येतात, मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, आणि इकडे आत्मचरित्राला उधाण येतं. हल्ली शंभर प्रतीसुद्धा छापून मिळतात. आयएसबीएन तर सरकार फुकट देतं. राहता राहिला संपादक. लेखकाच्या मते तोच एक वायफळ खर्च.

“मी लिहिलं ते फुकट लिहिलं, आणि तुम्ही खोडायचे पैसे घेता?”

हे विचारणारे गृहस्थ बोईसरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मी दर पानावर सांगितला. त्यांनी लगेच हिशेबाला हात घातला : पानं मोजायची कुठली, आलेली की उरलेली? उरलेली धरली, तर मी जितकं चोख काम करीन तितका उपाशी राहीन. आलेली धरली, तर कापलेल्या पानांचे पैसे त्यांनी का द्यावेत? आमचं अर्ध्यावर मिटलं.

एके काळी गिरगावात मौज प्रकाशनाच्या कचेरीत ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत. ‘सत्यकथे’कडून ‘साभार परत’ आलं की भलेभले हिरमुसत. १९६९ साली चिडलेल्या अनियतकालिकवाल्यांनी अंकाची होळी केली, तरी मासिक १९८२पर्यंत निघत राहिलं. भागवत-पटवर्धनांना ते परवडलं, कारण लेखक त्यांचं गिऱ्हाईक नव्हता. मी ‘साभार परत’ म्हटलं, तर पाठोपाठ ॲडव्हान्सही साभार परत करावा लागेल. म्हणून मी ‘थोडं आवरतं घेऊ या का, सर?’ असं म्हणतो. याचा अर्थ साठ पानं.

तर या सरांच्या हस्तलिखितात निरोप समारंभाला अकरा पानं होती. शाल कोणी दिली, श्रीफळ कोणी दिलं, जनरल मॅनेजरांचं भाषण सबंध, आणि उत्तरादाखल केलेलं स्वतःचं भाषण त्याहून सबंध. आभारांची यादी निराळी. ती कापू म्हटलं तर म्हणाले, “त्यात आमचे व्याही आहेत.” व्याही राहिले. संपादनशास्त्रात व्याह्यांवर तोडगा नाही.

आणि मधेच कुठेतरी दोन ओळी : ‘एका रात्री रिॲक्टरचे तापमान अचानक वाढले. प्रसंगावधान राखून परिस्थिती आटोक्यात आणण्यात आली.’

“कोणी आणली?”

“मीच. नाइट शिफ्टला होतो ना.”

मग सांगू लागले. कूलिंगचा पंप बसलेला, अलार्म ठणाणतोय, हेल्पर गेटकडे पळालेला, आणि हे हाताने व्हॉल्व्ह फिरवताहेत, तर तो अडकलेला. सांगताना त्यांची उजवी मूठ माझ्या टेबलावर अजून फिरत होती. समोरच्या प्रुफांवर पाण्याचा ग्लास कलंडला, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

“सर, हेच लिहा की!”

“यात काय लिहायचं? ती तर ड्युटी होती.”

मी हट्टच धरला. निरोप समारंभ दोन पानांत बसवायचा आणि ही रात्र सविस्तर लिहायची. शालवाल्यांची नावं गेल्याचं त्यांना फार लागलं. कोणाकोणाला तोंड दाखवायचं, म्हणाले. पण पंधरवड्याने पालघर गाडीने आले, पिशवीतून नऊ पानं काढली, तिथेच उभ्या उभ्या वाचून दाखवली. फर्मास उतरली होती. एक वेलांटी सोडली तर पेन लावायला जागा नव्हती.

मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“म्हणजे या नऊ पानांत तुमचं काम काहीच नाही. शिवाय ती मी तुमच्या सांगण्यावरून लिहिली,” ते म्हणाले. “तर त्यांचा दर तुम्ही मला कसा देणार?”