राखीव खेळाडू

नगर जिल्ह्यात हा नमुना कुठल्याही बाजारगावी भेटतो. दवाखान्यात पदवी दाराआड टांगलेली आणि कॉलेजच्या कबड्डी संघाचा फोटो खुर्चीच्या बरोब्बर वर. पेशंटने विचारावं म्हणून. नाही विचारलं, तर डॉक्टर इंजेक्शन भरता भरता स्वतःच सांगतात, "मधला तो मी. तेव्हा केस होते."

चढाईत निदान रेषा ओलांडल्याशिवाय माघारी फिरायचं नाही, हा नियम त्यांनी दवाखान्यातही पाळलाय. साध्या सर्दीलाही जीभ, नाडी, पोट बघून झाल्यावर मांडी चाचपतात. मांडी कशाला? "पकडीला बरी आहे." दमेकरी म्हातारीला एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावतात. म्हातारी म्हणते, "आवं डागदर, तेवढा दम असता तर एष्टीचं तिकीट काढून हितं कशाला आले असते?"

दैवतं दोन. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस: 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक, पुढे क्रीडावैद्यक आणि रग्बी संघटनेचं अध्यक्षपद. दुसरे आपल्याच जिल्ह्यातले डॉ. रजनीकांत आरोळे: 1970 पासून जामखेडला, खेड्यातल्या निरक्षर बायांना आरोग्य शिकवून 1979 मध्ये पत्नी मेबल यांच्यासह मॅगसेसे.

खेळ झाला, दवाखाना झाला, राहिलं पुढारपण. दुसऱ्या गावात एवढ्या भांडवलावर माणूस निदान सोसायटीचा चेअरमन होतो. पण नशीब असं, की डॉक्टरांनी दवाखाना थाटला तो राळेगणसिद्धीत. इथली ती जागा 1975 पासून भरलेली, आणि तीही लष्करातून परतलेल्या एका ड्रायव्हरने. अण्णा हजाऱ्यांनी नालाबांध घालून पाणी अडवलं, दारूबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली. डॉक्टरांना बंद करायला गावात काही उरलेलंच नाही.

तरी ग्रामसभेत ते उठतातच. "मंडळी, गाव म्हणजे एक संघ—" इतकं होईतो कुणीतरी म्हणतं, "खरंय डॉक्टर, उद्या सकाळी श्रमदानाला या मग."

डॉक्टर येतात, ट्रॅकसूट घालून. बाकीचे गप्पा मारत घमेली पुढे सरकवतात. हे दोन-दोन घमेली उचलून धावतात, मोजतात, मागे पडलेल्यांना शिट्टी मारतात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कंबर धरून बसलेल्यांत त्यांचा पहिला नंबर ठरलेला.