करारपारखी

करारपारखी हा टोरांटोत सर्रास आढळणारा आइस हॉकीचा प्रेक्षक. त्याचा एक डोळा बर्फावर आणि दुसरा खेळाडूच्या पगारावर असतो. एनएचएल या हॉकी लीगने २००५ साली संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा घातली. एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कापावे लागते, हे कळल्यापासून टोरांटोच्या मेपल लीफ्स संघाच्या या चाहत्यात एक हेडक्लार्क जागा झाला तो कायमचाच.

त्याची बैठक टिम हॉर्टन्समध्ये. ज्याच्या नावाचे हे दुकान, तो टिम हॉर्टन मेपल लीफ्सचाच बचावपटू. त्या काळी हॉकीच्या पगारात भागत नसे, म्हणून खेळाडू जोडधंदे करत. हॉर्टनने १९६४ साली डोनट विकायला काढले. याच दुकानात बसून करारपारखी ‘हल्लीची पोरं पैशामागे लागलीत’ हे वाक्य म्हणतो. विसंगती त्याच्या लक्षात येत नाही, कारण तोंडात डोनट असतो.

पोराचा पहिला करार संपला की करारपारख्याचा सुगीचा काळ सुरू होतो. २०१८ साली मेपल लीफ्सचा विल्यम नायलँडर बावीस वर्षांचा होता. सलग दोन मोसमांत त्याचे ६१-६१ गुण झाले होते. मोसम सुरू झाला तरी तो सही करीना. १ डिसेंबरपर्यंत करार झाला नाही, तर अशा खेळाडूला त्या मोसमात खेळताच येत नाही. सही झाली ती त्याच शेवटच्या दिवशी: ६ वर्षे, दुसऱ्या वर्षापासून संघाच्या हिशेबात सालाला सुमारे ७० लाख डॉलर. उशिरा उतरलेल्या नायलँडरने ५४ सामन्यांत ७ गोल केले.

करारपारख्याने लगेच कागदी रुमाल पुढे ओढला. सत्तर लाख भागिले सात, म्हणजे गोलामागे दहा लाख! भागाकार निःशेष गेल्याने आरोपही सिद्ध झाला. सहकाऱ्यांना करून दिलेले २० गोल त्याने धरले नाहीत. रुमालावर तेवढी जागा नव्हती म्हणे.

पुढच्या मोसमात नायलँडरने ३१ गोल केले. गोलाचा भाव सव्वादोन लाखांवर उतरला, तेव्हा मात्र रुमाल निघाला नाही. ‘प्लेऑफमध्ये दाखव म्हणावं’ एवढेच भाष्य झाले. ही त्याची राखीव ओळ असून ती सहसा वाया जात नाही, कारण प्लेऑफ जिंकून मिळणारा स्टॅन्ली कप मेपल लीफ्सने शेवटचा १९६७ साली जिंकला.

बावीस वर्षांच्या खेळाडूला संघ पैसे देतो ते पुढच्या वर्षांचे. करारपारखी त्यांची वसुली पहिल्याच हिवाळ्यात मागतो. त्याची सगळी गल्लत इथेच आहे. नायलँडरने २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही मोसमांत ४०-४० गोल केले. जानेवारी २०२४ मध्ये संघाने त्याच्याशी ८ वर्षांचा, ९ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार केला. जुना करार संपेपर्यंत संघाला स्वस्तातच पडला होता. करारपारख्याला हे मान्य नाही.