सिडको ते सिडको, व्हाया लाइपझिग

खांदेश्वरला राहणाऱ्या माणसाची मोठी अडचण म्हणजे आपण कुठे राहतो हे त्याला एका दमात सांगता येत नाही. स्टेशन खांदेश्वर, कॉलनी खांदा, नोड न्यू पनवेल पश्चिम, महापालिका पनवेल, जिल्हा रायगड आणि लग्नाच्या बायोडेटात नवी मुंबई. स्टेशनवरून रिक्षा एकीकडे वळली तर कामोठे, दुसरीकडे वळली तर आमचं घर. तरीही मला या सगळ्याचा भारी अभिमान. जर्मनीतल्या केम्निट्सला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला तेव्हा डोंबिवलीच्या मावसभावाला मी बजावून सांगितलं होतं, "आम्ही सिडकोत वाढलोय. सेक्टर, फुटपाथ, नियोजन आमच्या रक्तात आहे. युरोपचं आम्हाला काय कौतुक?"

मावसभाऊ "बरं" म्हणाला. त्याच्या त्या "बरं"कडे मी तेव्हा जरा लक्ष द्यायला हवं होतं.

तयारीत बाबांचा जीव सर्वांत जास्त अडकला तो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. वर्षाचे 11,904 युरो आधीच एका खात्यात भरायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला 992 युरो परत घ्यायचे. "म्हणजे आपलेच पैसे, आपल्यालाच हप्त्यानं?" बाबांनी विचारलं. तीस वर्षं घराचे हप्ते फेडलेल्या माणसाला उलट दिशेनं येणारा हप्ता काही केल्या पटेना.

निघालो 1 ऑक्टोबर 2025 च्या रात्री. त्या दिवशी खंडेनवमी. आजीनं शस्त्रांबरोबर माझ्या लॅपटॉपला आणि दोन्ही बॅगांना हळदकुंकू वाहिलं. बॅगा रद्दीवाल्याच्या काट्यावर टांगून तेवीस-तेवीस किलोंच्या आत बसवल्या होत्या. त्यासाठी हिवाळी बूट बाहेर काढून कुकर आत ठेवण्यात आला. विमान मात्र सहारहून. आमच्या दारातला विमानतळ "येणार, येणार" हे ऐकतच मी मोठा झालो. आमच्या बिल्डिंगच्या जाहिरातीतही तो दहा मिनिटांवर होता. 2018 मध्ये मी शाळेत असताना त्याचं भूमिपूजन झालं, आणि उद्घाटन झालं 8 ऑक्टोबर 2025 ला, म्हणजे मी भर ट्रॅफिकमधून सहार गाठून देश सोडला त्यानंतर बरोबर आठवड्यानं. आईनं उद्घाटनाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, जरा थांबला असतास तर." प्रवासी विमानं डिसेंबरच्या अखेरीस सुरू व्हायची होती, तीही देशातल्या देशात. पण आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तर दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघन करून मी लाइपझिगच्या फलाटावर उभा होतो. तिथून केम्निट्स तासाभराच्या अंतरावर. हा प्रवास म्हणजे माझा हातखंडा. सकाळी पनवेलहून भरून आलेल्या लोकलमध्ये खांदेश्वरला शिरणं ज्याला जमतं, त्याला सॅक्सनीतली रेल्वे काय अडवणार? गाडी आली. मी कोपर बाहेर, सॅक पोटावर, एक पाय पुढे असा पवित्रा घेतला. मागून रेटा आला नाही, कारण मागे कुणी नव्हतंच. दार बंद. मी वाट बघत राहिलो. दारावर एक गोल बटण छान हिरवं उजळलेलं होतं, मी त्याच्याकडे कौतुकानं बघितलं. मग ते विझलं आणि गाडी निघून गेली.

हार्बरच्या लोकलला दार असतं, पण ते कुणी बंद केलेलं मी पाहिलेलं नाही. दार उघडण्यासाठी प्रवाशाला स्वतः काही करावं लागतं, ही कल्पना मला कुठल्या क्लासमध्ये शिकवली नव्हती. जर्मन भाषेची ए-टू पातळी पूर्ण केलेला मी तासभर फलाटावर बसलो आणि पुढच्या गाडीला एका आजीबाईंच्या मागोमाग आत शिरलो. बटण त्यांनी दाबलं.

आत पुढचा घोळ. डबा जवळजवळ रिकामा. दोन जणांच्या बाकावर एक गृहस्थ खिडकीशी पुस्तक वाचत बसले होते. माझे पाय आपोआप त्यांच्याकडे वळले, हात आपोआप पुढे झाला आणि "जरा सरकून घ्या" अशी खूण झाली. चौथी सीट मागत वाढलेल्या देहाला रिकामे बाक दिसतच नाहीत. ते सरकले. मी सॅकसकट त्यांच्या शेजारी बसलो, मांडीला मांडी लावून. आजूबाजूला चाळीसेक जागा मोकळ्या. त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं आणि पुढच्या स्टेशनाला उठून दुसऱ्या डब्यात गेले. आणि मी, खरं सांगतो, खिडकी मिळाली म्हणून खूश झालो.

केम्निट्सला पोचलो आणि हॉस्टेलसमोर उभा राहिलो तेव्हा क्षणभर वाटलं, विमानानं गोल चक्कर मारून पुन्हा खाली सोडलंय. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तयार फलक एकमेकांना जोडून उभ्या केलेल्या, एकासारख्या एक सरळसोट इमारती. पूर्व जर्मनीनं घरांची टंचाई मिटवायला अशा इमारतींची अख्खी उपनगरं उठवली. इथल्या फ्रिट्स हेकर्ट वसाहतीची पायाभरणी 1974 ची. आमची सिडको जन्मली 1970 मध्ये. दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही, पण घडण तीच. मी आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, "कुठलं सेक्टर?"

दुसऱ्या दिवशी 3 ऑक्टोबर. जर्मन एकीकरणाचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. दुकानं बंद. बंद म्हणजे शटर अर्धं खाली आणि आतून आवाज दिला की ब्रेडचा पुडा बाहेर, तसलं बंद नव्हे. मी एका दुकानाच्या काचेवर टकटक करूनही पाहिलं. बॅगेत काय होतं? कुकर, गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि बाकरवडीची पाकिटं. मेतकूट होतं, पण भात नव्हता. मग सकाळी बाकरवडी, दुपारी बाकरवडी, संध्याकाळी बदल म्हणून चटणी लावून बाकरवडी. रात्री आत्याचा फोन आला. आत्या निवृत्त शिक्षिका. मी उपाशी आहे म्हटल्यावर म्हणाली, "इरावतीबाई कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप होतं का? परक्या देशात कवट्या मोजून 1930 साली डॉक्टरेट घेतली बाईंनी. गाइडला जे सिद्ध करून हवं होतं त्याच्या उलट निष्कर्ष काढायची हिंमत दाखवली. आणि तुला एक दिवस दुकान बंद म्हणून रडू येतंय?" इरावतीबाईंशी माझी ही तुलना पुढेही वारंवार होत राहिली, आणि प्रत्येक वेळी मीच हरलो.

शनिवारी तांदूळ मिळाला आणि रात्री मी कुकर लावला. आईचं शास्त्र सोपं होतं. तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. पण इथे गॅस नव्हता, विजेवर तापणारी लोखंडी थाळी होती. तिसरी शिट्टी झाली, मी बटण शून्यावर आणलं आणि खोलीत जाऊन आईला "भात झाला" असा मेसेज टाकला. थाळीला त्याची काही कल्पना नव्हती. ती तापलेली ती तापलेलीच. चौथी शिट्टी झाली. पाचवी झाली. रात्रीचे सव्वादहा वाजले होते, आणि दहा ते सहा शांततेची वेळ असल्याची पाटी स्वयंपाकघराच्या दारावरच लावलेली होती.

मी धावत पोचलो तेव्हा कझाकस्तानचा शेजारी हातात फोन घेऊन दारात उभा होता. एकशेबारा नंबर लावू का, असं तो विचारत होता. वरच्या मजल्यावरची जर्मन मुलगी जिन्यात उभी राहून इमारत रिकामी करायची का ते ठरवत होती. मी त्यांना धीर देण्यासाठी म्हणालो, "नाइन, नाइन! राइस!" आणि त्याच वेळी कुकरनं सहावी दिली. घरी असतो तर ओट्यावर शेजारी सरकवला असता; इथे मी घाईत तो उचलून थेट दुसऱ्या थाळीवर ठेवला. तीसुद्धा चालू होती. त्यावर मी वरणाच्या फोडणीसाठी तेल तापायला ठेवणार होतो ना! दहा मिनिटांनी सगळं शांत झालं. भाताची खीर झाली होती. मी ती मेतकूट घालून खाल्ली, आणि कझाकलाही दिली. त्यानं ती संपवली. अजून तो कुकर निघाला की खोलीत जाऊन दार लावून घेतो, पण भाताच्या वेळी बरोबर बाहेर येतो.

नावनोंदणीच्या कचेरीत मात्र मी बाजी मारणार होतो. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा, घरमालकाचं पत्र जोडायचं. सिडकोच्या एनओसी, ट्रान्सफर, शेअर सर्टिफिकेट यांच्या गप्पा जेवणाच्या ताटावर ऐकलेल्या मुलाला हे म्हणजे काहीच नाही. फाइल घेऊन गेलो. खिडकीमागच्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, की जन्म पनवेलचा, पत्ता नवी मुंबईचा, जिल्हा रायगड आणि स्टेशन तिसरंच, हे नेमकं एकच गाव आहे की चार? मी कागद मागून घेऊन नकाशा काढला. खाडी, हायवे, रेल्वे, विमानतळ. तलाव आणि खांदेश्वराचं देऊळही दाखवलं. मागे रांग वाढत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "असू दे. माझंही जन्मगाव आता नाही." त्यांचा जन्म कार्ल मार्क्स श्टाटमधला. 1953 ते 1990 या शहराचं नाव ते होतं. मग लोकांनी मतदान करून जुनं केम्निट्स परत आणलं. त्यांनी शिक्का मारला आणि नकाशा ठेवून घेतला. फाइलला लावला असणार, कारण तिथे प्रत्येक कागद फाइलला लागतो.

मार्क्स गेला, पण डोकं राहिलं. शहराच्या मध्यावर 1971 मध्ये बसवलेलं त्याचं ब्राँझचं शीर, फक्त शीर, सात मीटर उंच, चौथऱ्यासकट तेरा मीटरच्या वर. कुणालाही भेटायचं तर "डोक्यापाशी ये" म्हणतात. 2025 मध्ये केम्निट्स युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, त्यामुळे मी दिवाळीच्या शुभेच्छांसोबत त्या दाढीखाली उभा राहून काढलेला फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला: "युरोपच्या सांस्कृतिक राजधानीतून." आजीनं फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "हे कुठले महाराज रे? पावतात का?" मी म्हणालो, "पूर्वी कामगारांना पावायचे." लक्ष्मीपूजनाच्या रात्री आजीनं माझ्या वतीनं त्यांनाही नमस्कार केल्याचं कळलं.

आता कचऱ्याविषयी. नवी मुंबईचा माणूस कचऱ्याच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. ओला हिरव्यात, सुका निळ्यात; शाळेत आम्ही यावर पथनाट्य केलं होतं, मी निळा डबा झालो होतो. त्यामुळे हॉस्टेलच्या अंगणात निळा डबा दिसताच मी जुना दोस्त भेटल्यागत झाकण उघडलं आणि बाकरवडीची सगळी रिकामी पाकिटं आत सोडली. जर्मनीत निळा डबा कागदाचा. प्लास्टिकची वेष्टनं पिवळ्यात.

दोन दिवसांनी हॉस्टेलचे केअरटेकर आमच्या स्वयंपाकघरात आले. हातात रबरी मोजे, मोज्यात पाकिटं. पाकिटं त्यांनी टेबलावर ओळीनं मांडली आणि हा कुणाचा कचरा, असं शांतपणे विचारलं. पाकिटांवर ठसठशीत देवनागरीत "बाकरवडी". केअरटेकरांची नजर पहिल्यांदा गेली बांगलादेशी मुलाकडे. त्यानं एक पाकीट उचललं, दिव्याजवळ नेऊन पाहिलं, "ही आमची लिपी नाही," असा निर्वाळा दिला आणि पाकीट माझ्यासमोर आणून ठेवलं. संपूर्ण इमारतीत ती अक्षरं वाचू शकणारा मी एकटाच होतो. मी ती वाचली, मोठ्यानं. केअरटेकरांनी मला खाली नेऊन चारही डब्यांची ओळख करून दिली आणि जाताना विचारलं, यात नेमकं काय होतं? शेवटचं न फोडलेलं पाकीट त्यांना द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते वेष्टन पिवळ्या डब्यात अगदी वर, मला दिसेल असं ठेवलेलं होतं.

ऑक्टोबरअखेरीस घड्याळं तासानं मागे गेली. आईचा साडेआठचा फोन मला आधी पहाटे पाचला यायचा, तो आता चारला येऊ लागला. पण तोवर मी मुरलो होतो. इतका, की नोव्हेंबरात नागपूरहून आलेल्या एका मुलाला शहर दाखवायची जबाबदारी मी आपणहून घेतली. ट्रॅमच्या थांब्यावर त्याला समजावलं, "हे बघ, इथे दार आपोआप उघडत नाही. बटण दाबायचं. पहिल्या दिवशी लोक गोंधळतात." ट्रॅम आली. मी ऐटीत पुढे होऊन बटण दाबलं. दार उघडलं, आम्ही चढलो, बसलो. दार उघडंच राहिलं. बाहेर शून्याच्या आसपास तापमान, आत गार वारा, सगळी मंडळी दाराकडे बघतायत. मी नागपूरकराला खालच्या आवाजात सांगितलं, "जर्मन गाड्या वेळेआधी कधीच सुटत नाहीत."

तेव्हा समोरच्या बाईंनी बोटानं बटण दाखवलं. त्यावर बाबागाडीचं चित्र होतं. ते बटण दाबलं की बाबागाडी चढतेय असं ड्रायव्हरला कळतं आणि तो दार धरून ठेवतो. ड्रायव्हर आरशातून बाळ शोधत होता. मग त्यानं माइकवरून काहीतरी विचारलं, आणि नागपूरकर मला म्हणाला, "काय म्हणून राहिला बे तो?"

"काही नाही," मी म्हणालो, "स्वागत करतोय."