लोकशाही सोमवारी असते

चूक माझीच. मी मंगळवारी गेलो.

गल्लीतलं गटार चार महिने तुंबलेलं. नगरसेवकाकडे जावं, तर मुदत संपून नगरसेवकच माजी झालेले. म्हणून अर्ज घेऊन थेट जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "लोकशाही काल झाली. आता पुढच्या महिन्यात."

चेष्टा नव्हती. महाराष्ट्रात महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा 'लोकशाही दिन' असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. सोमवारी सुट्टी आली, तर लोकशाही दुसऱ्या दिवशी. म्हणजे वर्षाला बारा. उरलेल्या ३५३ दिवसांचं काय, याचा विचार करत बाकावर बसलो.

शब्दांची आपल्याकडे ददात नाही. सोमवार ते शुक्रवार नोकरशाही. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यामुळे शनिवार-रविवार मोकळे. ते झुंडशाही आणि ठोकशाही आपसांत वाटून घेतात. घराणेशाहीला मात्र रजा नाही. ती पाळण्यात रुजू होते आणि निवृत्तीच्या वयाला नातवाला कामावर लावते.

हा 'शाही' प्रत्यय आपल्याला दख्खनच्या पाच शाह्यांनी दिला: निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही. एरवी एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या यांतल्या चौघींनी १५६५ मध्ये एकत्र येऊन विजयनगर पाडलं आणि काम होताच पुन्हा भांडायला लागल्या. थोडक्यात, 'युती' हा शब्द वाटतो तितका नवा नाही. पुढे पाचही शाह्या बुडाल्या, प्रत्यय तेवढा तरला. त्याला आपण पुढून 'लोक' जोडलं आणि समजलो, शहा गेला.

शब्द बदलायचा खरा प्रयत्न शिवाजी महाराजांनी केला. रघुनाथपंत हणमंत्यांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, डबीराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री. मंत्री टिकला. पण साडेतीनशे वर्षांनी माझ्या हातात काय होतं? 'अर्ज'. कुठून आलो? 'तहसील'मधून. कुठे? 'जिल्ह्या'ला. कोणाकडे? 'सरकार'कडे. सगळे फारसी-अरबी मुक्कामाचे पाहुणे. आणि कोशातला तो मंत्री लोकांना भेटतो कुठे, तर 'जनता दरबारा'त. दरबार जनतेचा, खुर्ची मंत्र्यांची, रांग पुन्हा जनतेची.

कोशात नसलेली पदं आपण मागाहून घडवली. सर्वांत यशस्वी 'सरपंचपती'. पंचायतीत बायकांना निम्म्या जागा मिळाल्या, तसा हा शब्द गावोगाव उगवला. सरपंचाचा पती, षष्ठी तत्पुरुष. कागदावर हा समास सहज सुटतो, ग्रामपंचायतीत सुटत नाही. कारण शिक्का नवरोबांच्या खिशात आणि सरपंचबाई चहा टाकायला आत.

शहरात 'प्रशासक'. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एकाही नगरसेवकाविना चालली. पाऊस आला की पाणी पूर्वीसारखंच साचायचं. फरक व्याकरणाचा: पूर्वी 'आमच्या कारकिर्दीत साचलं नव्हतं' असं म्हणायला कोणीतरी असायचं, त्या चार वर्षांत तेही कर्मणी प्रयोगात गेलं. 'पाण्याचा निचरा करण्यात येत आहे.' कोणाकडून, ते विचारायचं नाही.

असो. मी नियमाने वागलो. विहित नमुना मिळवला. "तालुक्याची लोकशाही झाली का?" असं विचारलं गेलं, तीही करून आलो. पंधरा दिवस आधी दोन प्रती दिल्या, पोच घेतली. पहिल्या सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून दहाच्या ठोक्याला हजर झालो.

दालनाला कुलूप. दारावर कागद: 'आजचा लोकशाही दिन रद्द करण्यात आला आहे.'

मी भाऊसाहेबांना गाठलं. "अहो, आज सोमवार आहे. पहिला आहे. सुट्टीही नाही. मग लोकशाही का नाही?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"आचारसंहिता लागली ना," ते म्हणाले. "निवडणूक आहे."